विल्यम कॅरी : परभाषेचा आजन्म विद्यार्थी

मराठी भाषेच्या अभ्यासाचा इतिहास सांगताना पुणे, मुंबई, नागपूर या नगरांची नावे ओघानेच येतात. परंतु त्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, बंगालमध्ये हुगळी नदीच्या काठी लिहिले गेले, याचे स्मरण क्वचितच होते. ते लिहिणारे गृहस्थ मराठी नव्हते आणि बंगालीही नव्हते. इंग्लंडमधील एका खेड्यात चपला-बूट शिवणारा हा कारागीर धर्मप्रसारासाठी हिंदुस्थानात आला, येथील भाषा शिकता शिकता महाविद्यालयात प्राध्यापक झाला आणि अखेरीस स्वतःच एक विद्यापीठ उभारून गेला. विल्यम कॅरी हे त्यांचे नाव. परक्या समाजाला शिकवण्यासाठी येणाऱ्याला आधी त्या समाजाचे शिष्यत्व पत्करावे लागते, हा धडा त्यांच्या बहात्तर वर्षांच्या आयुष्यातून मिळतो. तसेच या शिष्यत्वाची आणि त्यामागील ध्येयनिष्ठेची किंमत कधी कधी घरच्या माणसांना मोजावी लागते, हेही त्यातून दिसते.

बालपण आणि उमेदवारी

१७ ऑगस्ट १७६१ रोजी नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात विल्यमचा जन्म झाला. वडील एडमंड हे विणकर होते. पुढे त्यांना गावच्या शाळेत शिक्षकाची जागा मिळाली. घरची स्थिती बेताची असल्याने विल्यमचे शालेय शिक्षण लवकरच संपले आणि वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो शेजारच्या गावी एका चांभाराकडे उमेदवारीला लागला. त्या दुकानातील मोजक्या पुस्तकांत बायबलवरील एक भाष्य होते आणि त्यात ग्रीक अक्षरे छापलेली होती. ती वाचता येत नाहीत ही गोष्ट मुलाच्या मनाला लागली. त्याने ती अक्षरे उतरवून घेतली आणि पंचक्रोशीतील एका जाणत्या माणसाकडे जाऊन त्यांचा अर्थ समजावून घेतला. त्यानंतर लॅटिन, हिब्रू, फ्रेंच, डच असा त्याचा भाषांचा अभ्यास सुरूच राहिला. हाताने चामडे शिवायचे आणि डोळ्यांनी पुस्तक वाचायचे, असा त्याचा दिनक्रम झाला.

१७८१ मध्ये विल्यम यांचा विवाह डॉरथी प्लॅकेट यांच्याशी झाला. नवरी निरक्षर होती. विवाहाच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली काढली. पुढे कॅरी बॅप्टिस्ट पंथात गेले, मोल्टन गावी शिक्षक व धर्मोपदेशक झाले आणि १७८९ मध्ये लेस्टर येथे गेले. याच काळात कॅप्टन कुकच्या सागरी सफरींची वर्णने त्यांच्या वाचनात आली. त्यांनी जगाचा एक मोठा नकाशा स्वतः तयार करून भिंतीवर लावला आणि प्रत्येक देशाची लोकसंख्या, धर्म, चालीरीती यांची मिळेल ती माहिती त्यावर नोंदवली. १७९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या छोटेखानी पुस्तकात देशोदेशींच्या अशा माहितीचे तक्तेच्या तक्ते आहेत. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. त्या दिवशी जमलेल्या वर्गणीचे आकडे होते तेरा पौंड, दोन शिलिंग व सहा पेन्स. एवढ्या बळावर कॅरी यांनी हिंदुस्थानला जाण्याचे ठरवले.

बंगालमधील पहिली वर्षे

डॉरथी यांची या प्रवासाला मुळीच तयारी नव्हती. त्या गर्भवती होत्या, गाव सोडून कधी फारशा बाहेर गेल्या नव्हत्या. पुढे प्रसूतीनंतर, बहीण सोबत येणार म्हटल्यावर, अगदी शेवटच्या क्षणी त्या निघाल्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात परवान्याशिवाय मिशनऱ्यांना प्रवेश नव्हता. म्हणून हे कुटुंब एका डॅनिश जहाजाने जून १७९३ मध्ये निघाले आणि नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याला पोहोचले. कॅरी त्यानंतर एकेचाळीस वर्षे जगले. पण मायदेशाचा किनारा त्यांनी पुन्हा पाहिला नाही.

आरंभीचे दिवस हलाखीचे होते. पैसा संपला, राहायला जागा नव्हती. काही महिने सुंदरबनाच्या कडेला जंगल साफ करून राहावे लागले. १७९४ मध्ये माल्दा भागातील मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्याच्या व्यवस्थापकाची नोकरी मिळाली, तेव्हा पोटापाण्याची सोय झाली. परंतु त्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर तापाने दगावला. परधर्मीयाच्या प्रेताला हात लावायला कोणी तयार होईना. मुलाला मूठमाती देणेही आईबापांना कठीण झाले. आजाराने आधीच खचलेल्या डॉरथी यांच्या मनावर या आघाताचा खोल परिणाम झाला. त्यांना वेड लागले आणि ते कधीच बरे झाले नाही. पुढील बारा वर्षे, १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांना बहुतेक काळ खोलीत बंद ठेवावे लागे. शेजारच्या खोलीत कॅरी पंडितांसह भाषांतर करीत बसत. कॅरी यांच्या कार्याचा गौरव करताना या स्त्रीच्या मूक दुःखाची नोंद केल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

या काळात त्यांना भाषा शिकवली ती रामराम बसू यांनी. बसू हे फारसी व बंगाली जाणणारे चतुर लेखक होते. त्यांनी ख्रिस्ती धर्माविषयी आस्था दाखवली, परंतु धर्म कधी बदलला नाही. कॅरी निळीच्या हौदांवर काम करणाऱ्या मजुरांत मिसळले, गावोगाव हिंडले, बाजारातील बोली आणि पंडितांची भाषा यांतील अंतर त्यांनी टिपले. त्यांनी संस्कृतचा अभ्यासही सुरू केला, कारण तिच्या आधारावाचून बंगालीचे शब्दभांडार उलगडणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. धर्मप्रसाराच्या दृष्टीने मात्र ही सात वर्षे कोरडी गेली. एकाही हिंदी माणसाने त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला नाही.

श्रीरामपूरचे त्रिकूट

जानेवारी १८०० मध्ये कॅरी श्रीरामपूरला आले. हे गाव नगर जिल्ह्यातील आपल्या परिचयाचे श्रीरामपूर नव्हे. कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीच्या पश्चिम तीरावर असलेली ही डेन्मार्कच्या राजाची वसाहत होती. कंपनीचा अंमल तेथे चालत नसल्यामुळे मिशनऱ्यांना आसरा मिळाला. शिक्षक जोशुआ मार्शमन, त्यांच्या पत्नी हॅना आणि मुद्रक विल्यम वॉर्ड हे तेथे त्यांचे सहकारी झाले. सर्वांची मिळकत एका थैलीत, सर्वांचे जेवण एका पंक्तीला, अशी त्यांची राहणी होती. मार्शमन दांपत्याने शाळा चालवल्या, वॉर्ड यांनी छापखाना सांभाळला आणि कॅरी यांनी भाषांतराचे काम हाती घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कृष्ण पाल या सुताराने बाप्तिस्मा घेतला. पुढे त्याच्या मुलीचा विवाह एका धर्मांतरित ब्राह्मण तरुणाशी झाला. धर्मांतर केलेल्यांनी जातिभेद सोबत आणू नये, याविषयी श्रीरामपूरकर आग्रही होते.

छापखान्याचा खरा आधार होता पंचानन कर्मकार हा कसबी कारागीर. बंगाली खिळे कोरण्याचे काम त्याने यापूर्वीच सिद्ध केले होते. त्याने व त्याचा जावई मनोहर याने श्रीरामपूरच्या ओतशाळेत अनेक लिप्यांचे खिळे तयार केले. १८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून निघाला. पुढील तीन दशकांत या छापखान्यातून सुमारे चाळीस भाषांत बायबल अथवा त्याचे भाग प्रसिद्ध झाले.

फोर्ट विल्यम महाविद्यालय आणि मराठीचा वर्ग

कंपनीच्या तरुण अंमलदारांना देशी भाषा शिकवण्यासाठी गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली यांनी १८०० मध्ये कलकत्त्यात फोर्ट विल्यम महाविद्यालय काढले. बंगाली शिकवू शकेल असा युरोपियन शोधताना नाव पुढे आले ते ज्याला कंपनीने परवाना नाकारला असता त्या कॅरी यांचेच. १८०१ मध्ये दरमहा पाचशे रुपये वेतनावर त्यांची बंगाली व संस्कृतचे शिक्षक म्हणून नेमणूक झाली. इंग्लंडच्या राजमान्य चर्चचे सदस्य नसल्यामुळे त्यांना प्राध्यापक म्हणता येत नव्हते. ती पदवी व दुप्पट वेतन १८०७ मध्ये मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. स्वतः कॅरी यांनी विद्यार्थी म्हणून कोणत्याही विद्यापीठाची पायरी चढलेली नव्हती. मिळणाऱ्या वेतनातील बहुतेक रक्कम ते श्रीरामपूरच्या सामायिक थैलीत टाकत.

१८०४ मध्ये त्यांच्याकडे मराठीचेही अध्यापन आले. त्यामागे राजकारण होते. १८०३ च्या युद्धात शिंदे व नागपूरकर भोसले यांच्याशी इंग्रजांचा सामना झाला होता. मराठ्यांशी तह, पत्रव्यवहार आणि वकिलाती यांसाठी मराठी जाणणारे अंमलदार हवे होते. बंगालच्या स्मरणात मात्र तेव्हा मराठी माणूस होता तो अठराव्या शतकातील बर्गींच्या स्वाऱ्यांमुळे, भय घालणारा घोडेस्वार म्हणून. त्याच बंगालमध्ये आता मराठीचा वर्ग भरू लागला.

या वर्गाचे आधारस्तंभ होते महाविद्यालयातील मराठी पंडित वैजनाथ शर्मा. त्यांच्या साहाय्याने कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण इंग्रजीतून प्रसिद्ध केले. त्यापूर्वी १७७८ साली रोम येथे पोर्तुगीज भाषेतून एक मराठी व्याकरण छापले गेले होते. परंतु इंग्रजी जाणणाऱ्यांच्या हाती मराठीची रचना पद्धतशीरपणे दिली ती कॅरी यांच्या पुस्तकाने. पाठोपाठ १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला. त्यातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले होते, कारण दफ्तरी व्यवहार त्याच लिपीत चाले. कागदावर झरझर धावणाऱ्या मोडीच्या जोडाक्षरांना शिशाच्या सुट्या खिळ्यांत बसवणे हे कारागिरांचे मोठेच कौशल्य होते. सिंहासनबत्तिशी १८१४ मध्ये, हितोपदेश १८१५ मध्ये आणि राजा प्रतापादित्याचे चरित्र १८१६ मध्ये, अशी मराठी गद्य पुस्तकेही श्रीरामपूरहून निघाली. यांतील प्रतापादित्याचे चरित्र मुळात रामराम बसू यांनी बंगालीत लिहिलेले. म्हणजे आरंभीच्या बंगाली छापील गद्यातील एक ग्रंथ आरंभीच्या मराठी छापील गद्यात येऊन मिळाला.

या मराठीतील उणिवाही स्पष्ट आहेत. कॅरी यांनी मराठी मुलखात कधी पाऊल ठेवले नाही. पंडितांच्या तोंडून ऐकलेली, संस्कृतकडे झुकणारी भाषा त्यांनी प्रमाण मानली. १८११ मध्ये श्रीरामपूरहून निघालेला मराठी नवा करार मुंबईच्या बाजूच्या लोकांना परका वाटला. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना नव्याने भाषांतर करावे लागले. मोल्सवर्थ यांचा १८३१ चा कोश आणि दादोबा पांडुरंगांचे १८३६ चे व्याकरण पुढे आल्यावर कॅरी यांचे ग्रंथ मागे पडले. तथापि पहिली पायवाट पाडणाऱ्याचे श्रेय पुढे त्यावर सडक झाल्याने कमी होत नाही. एकाच वेळी इतक्या भाषांत भाषांतरे हाती घेण्याचा हव्यास मात्र त्यांना नडला, ही समकालीनांची टीका रास्त होती.

आग आणि पुनरारंभ

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कॅरी त्या वेळी कलकत्त्यात होते. कागदाचे गठ्ठे, अनेक लिप्यांचे खिळे आणि वर्षानुवर्षे खपून केलेली हस्तलिखिते जळून गेली. संस्कृतशी नाते असलेल्या भाषांचा एक बहुभाषी कोश कॅरी तयार करीत होते. त्याचे कागद त्यात भस्मसात झाले आणि ते काम पुन्हा उभे राहिले नाही. दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी येऊन वार्ता सांगितली, तेव्हा कॅरी काही काळ सुन्न झाले. सुदैवाने खिळे पाडण्याच्या मातृका बचावल्या होत्या. राखेतून वितळलेले शिसे गोळा करून कारागिरांनी पुन्हा खिळे ओतायला घेतले आणि काही महिन्यांतच छपाई सुरू झाली. कॅरी यांनी जळालेली भाषांतरे पुन्हा लिहिण्यास आरंभ केला. त्या वेळी ते पन्नाशीचे होते.

समाजाशी नाते

भाषेच्या अभ्यासाने कॅरी यांना समाजाच्या जवळ नेले, तसेच त्यातील क्रौर्याकडेही. १७९९ मध्ये त्यांनी एक सती जाताना प्रत्यक्ष पाहिली आणि तिला थांबवण्याचा निष्फळ प्रयत्न केला. नुसता संताप व्यक्त करून ते थांबले नाहीत. कलकत्त्याच्या आसपास तीस मैलांच्या परिसरात माणसे पाठवून त्यांनी गणना करवली. एका वर्षात चारशेहून अधिक स्त्रिया सती गेल्याचे आढळले. शास्त्रांत याविषयी काय सांगितले आहे, याचा शोध पंडितांच्या मदतीने घेतला. महाविद्यालयातील त्यांचे सहकारी मृत्युंजय विद्यालंकार हे परंपरेचे कट्टर अभिमानी. परंतु त्यांनीही १८१७ मध्ये सहगमन शास्त्राने अनिवार्य केलेले नाही असा अभिप्राय दिला. राजा राममोहन रॉय यांची चळवळ याच सुमारास उभी राहत होती. ४ डिसेंबर १८२९ रोजी लॉर्ड बेंटिंक यांनी सतीबंदीचा कायदा केला आणि बंगाली भाषांतरासाठी तो कॅरी यांच्याकडे पाठवला. तो त्यांच्या हाती पडला तो दिवस रविवारचा होता. एक दिवसाच्या विलंबानेही कोणाचा जीव जाईल, म्हणून त्यांनी उपासनेचे व्याख्यान दुसऱ्यावर सोपवले आणि पंडिताला सोबत घेऊन सायंकाळपर्यंत भाषांतर पुरे केले.

वनस्पतींची त्यांना लहानपणापासून ओढ होती. श्रीरामपूरला त्यांनी मोठी बाग लावली, रॉक्सबर्ग यांचे वनस्पतिविषयक ग्रंथ संपादून प्रसिद्ध केले आणि १८२० मध्ये कृषी व उद्यान संस्थेची स्थापना केली. आपल्या सह्याद्रीत आढळणारा कुंभ्याचा वृक्ष, उन्हाळ्याच्या तोंडी फुलणारा आणि जाड सालीमुळे वणव्याला दाद न देणारा, याचे शास्त्रीय नाव ‘करेया’ असे आहे. रॉक्सबर्ग यांनी ते कॅरी यांच्या नावावरून ठेवले.

श्रीरामपूरचे विद्यापीठ

१८१८ हे वर्ष श्रीरामपूरच्या इतिहासात विशेष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी ‘समाचार दर्पण’ हे बंगाली साप्ताहिक सुरू झाले आणि त्याच वर्षी श्रीरामपूर महाविद्यालयाची स्थापना झाली. तोवर या मंडळींनी आसपासच्या गावांत शंभरच्या आसपास देशी भाषेच्या प्राथमिक शाळा काढल्या होत्या. महाविद्यालयात आरंभी सदतीस विद्यार्थी होते. त्यांत ख्रिस्ती तरुण होते, तसेच हिंदू घरांतीलही होते. कोणत्याही जातीच्या वा धर्माच्या तरुणाला प्रवेश खुला होता आणि ख्रिस्ती नसलेल्यांवर धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती.

येथील अभ्यासक्रमाची कल्पना त्या काळात वेगळी होती. धर्मोपदेशक होऊ इच्छिणाऱ्या तरुणाने संस्कृत शिकावे, आपल्या पूर्वजांचे दर्शनग्रंथ मुळातून वाचावेत, शेजाऱ्याचा धर्म ऐकीव माहितीवरून न समजता अभ्यासून समजावा, आणि त्याबरोबरच पाश्चात्त्य विज्ञान, भूगोल, खगोल आत्मसात करावा, असा संस्थापकांचा विचार होता. इंग्लंड-अमेरिकेतील काही देणगीदारांना हे रुचले नाही; मिशनच्या पैशाने विज्ञान शिकवणे त्यांना अपव्यय वाटला. कॅरी व त्यांचे सहकारी आपल्या मतावर ठाम राहिले. २३ फेब्रुवारी १८२७ रोजी डेन्मार्कचे राजे सहावे फ्रेडरिक यांनी या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार देणारी सनद दिली. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे यानंतर तीस वर्षांनी, १८५७ मध्ये जन्माला आली. १८४५ मध्ये श्रीरामपूर इंग्रजांना विकले गेले, तेव्हाही सनदेतील अधिकार अबाधित राहिले. त्या सनदेखाली धर्मशास्त्राच्या पदव्या १९१५ पासून प्रत्यक्ष दिल्या जाऊ लागल्या आणि आज देशभरातील अनेक धर्मशास्त्र महाविद्यालये श्रीरामपूरशी संलग्न आहेत.

उत्तरायुष्य

कॅरी यांची अखेरची वर्षे सुखाची गेली नाहीत. दुसऱ्या पत्नी शार्लट १८२१ मध्ये वारल्या, वॉर्ड १८२३ मध्ये गेले. त्याच वर्षी पुराने राहते घर व बाग उद्ध्वस्त केली. लंडनहून आलेल्या नव्या पिढीच्या मिशनऱ्यांशी संपत्तीच्या व अधिकाराच्या प्रश्नांवर वाद विकोपाला गेले आणि १८२७ मध्ये, स्वतः स्थापन केलेल्या सोसायटीपासून कॅरी यांना वेगळे व्हावे लागले. कलकत्त्यातील पेढ्या बुडाल्या, फोर्ट विल्यम महाविद्यालयातील प्राध्यापकी संपली, उत्पन्न आटले. तरीही बंगाली बायबलच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी सोडले नाही. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथे त्यांचे निधन झाले. थडग्यावर नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि स्वतःला दीन म्हणवणारे स्तोत्रातील शब्द यांखेरीज काही नसावे, असे त्यांनी सांगून ठेवले होते.

त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या एका वर्षाने, १८३५ मध्ये, सरकारी शिक्षणाचा पैसा प्राधान्याने इंग्रजी शिक्षणावर खर्च करण्याचा निर्णय झाला. देशी भाषांतून ज्ञान द्यावे हा श्रीरामपूरचा आग्रह मागे पडला. तो प्रश्न अद्याप मिटलेला नाही. मातृभाषेतून शिकवणाऱ्या प्रत्येक शाळेला, आणि तेथे आपली मुले घालणाऱ्या प्रत्येक पालकाला, तो आजही नव्याने सोडवावा लागतो.

कॅरी यांच्या धर्मप्रसाराविषयी मतभेद होते व राहतील. लोकांचा धर्म बदलावा या हेतूने ते आले, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु त्या हेतूने आलेला माणूस रामराम बसू, मृत्युंजय विद्यालंकार आणि वैजनाथ शर्मा यांच्यासमोर विद्यार्थी होऊन बसला आणि बसू व विद्यालंकार यांनी आपला धर्म न सोडता त्याला विद्या दिली. या देवघेवीतून दोन्ही पक्षांच्या पदरात काही पडले. मराठीच्या वाट्याला व्याकरण, कोश आणि छापील गद्याची सुरुवात आली. भाषेचे घर तिच्या प्रांतापुरते नसते. जेथे कोणी तिच्यासाठी वर्ग भरवतो, पाटी-पुस्तक मांडतो आणि चिकाटीने शिकवत राहतो, तेथे ती नांदते. हुगळीकाठच्या त्या मराठी वर्गाला दोन शतके लोटली. महाराष्ट्राबाहेर मराठी शिकणाऱ्या व शिकवणाऱ्या सर्वांनी आपल्या पूर्वसूरींत त्या वर्गाचीही गणना करावी.